होयासाठी डिसेंबरात कूलर

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी कूलर चालू होता. फुल स्पीडवर, पाण्याच्या मोटरीसकट.

चंद्रपूरकराला यातली गंमत सांगावी लागत नाही. आमच्याकडे मे महिन्यात कूलर म्हणजे घरातला कर्ता पुरुष. पण पाऊस पडला की त्याची टाकी रिकामी करायची, वाळ्याच्या ताट्या काढून फेकायच्या आणि त्याला जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर चढवायचं, ही पद्धत. डिसेंबरात कूलर लावणारा माणूस एकतर तापानं फणफणलेला असतो, नाहीतर त्याच्या डोक्यात बिघाड असतो. मला ताप नव्हता.

मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. म्हणजे "गडचिरोलीकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे" असं माइकवरून सांगणारा, आणि गाडी भलत्याच फलाटावर लागली की शिव्या खाणारा. माझी मुलगी प्रज्ञा नागपूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या सगळ्या खानदानात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली ती पहिली. (हे मी एकदा माइकवरूनही सांगितलं होतं, मूल-सावलीकडे जाणाऱ्या गाडीच्या घोषणेच्या शेवटी. साहेबांनी बोलावून समज दिली. समज मी घेतली, पण प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या होत्या हे साहेबांनी लक्षात घेतलं नाही.)

तर उन्हाळ्याच्या तोंडावर प्रज्ञा नागपूरहून आली ती मांडीवर एक कुंडी घेऊन. कुंडी कसली, नारळाच्या काथ्याची टोपली. तिच्यातून एक वेल खाली लोंबत होती. पानं जाड, गुळगुळीत आणि बदामाच्या आकाराची.

"बाबा, ही होया हाय. ही मातीत नाई वाढत. जंगलात झाडाच्या फांदीवर बसून वाढते अन् खाली लोंबते."

"म्हंजे बांडगूळ!" माझी आई म्हणाली.

"नाई वो आजी! बांडगूळ झाडाचा रस पिते. ही नुसती बसते. झाडाचं काईच खात नाई."

"बसून रायते, काम करत नाई, अन् खातबी नाई?" आईनं वेलीला नीट न्याहाळलं. "असा पाव्हना म्या पयल्यांदाच पायला."

प्रज्ञा मात्र गंभीर होती. मॅडमनी वर्गातल्या मुलांना एकेक होया सांभाळायला दिली होती. तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट याच वेलीवर होता, आणि हॉस्टेलच्या खोलीत उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो तिथं वेलीची काय कथा! म्हणून ती तिला माहेरी सोडायला आली होती.

"बाबा, तिले थेट ऊन नको. हवा ओलसर पायजे अन् खेळती पायजे. हे झाड गेलं तर माझा प्रोजेक्ट गेला, समजून घ्या."

"तू बिनधास्त जाय," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "माह्या हातून आजवर एक गाडी चुकली नाई."

"लई चुकल्या," आमची मंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता मला सांगा, चंद्रपूरच्या मे महिन्यात ओलसर आणि खेळती हवा कुठं असते? एकाच ठिकाणी असते. कूलरच्या तोंडापुढे! आमचा कूलर खिडकीच्या बाहेर, कडुनिंबाच्या सावलीत, लोखंडी स्टँडवर. मी होयाची टोपली आतून खिडकीच्या गजाला टांगली, बरोबर कूलरच्या तोंडाशी. पहिली हवा होयाला. तिला लागून उरलेली हवा आम्हाला.

"अवो, आमाले घाम फुटून राह्यला!" मंदा म्हणायची.

"पोरीचं शिक्षन हाय ते. थोडा घाम गाळला पायजे."

"मंग तुमी काऊन झाडाच्या बाजूनं झोपून राह्यले?"

"देखरेख करून राह्यलो!"

देखरेखीत मी कसर ठेवली नाही. तांदळाचं धुवण झाडाला चांगलं, असं कुणीतरी बसस्टँडवर सांगितलं. धुवण हवं म्हणून आमच्याकडे सकाळी भात, संध्याकाळी भात सुरू झाला. आईनं पोळी मागितली की मी तिला नातीच्या भविष्याची आठवण करून द्यायचो. पण होया ढिम्म! अख्ख्या मे महिन्यात तिनं एक पान काढलं नाही. मी तिच्याशी बोलून पाहिलं. भामरागड, सिरोंचा, कोरपना, सगळ्या गाड्यांच्या वेळा ऐकवल्या. बाई जागची हलली नाही.

आणि मग पाऊस सुरू झाला, तशी ती हलली! एका सकाळी पाहतो तर टोपलीच्या वरून हिरवागार कोंब डोकावतोय. आठवडाभरात त्याची वीतभर, मग हातभर वेल झाली. पानं तशीच, बदामाच्या आकाराची. जरा पातळ वाटली खरी. पण मी म्हटलं, लहान लेकराची कातडी पातळच असते. पुढं जाड होईल.

आईनं चष्मा लावून एक पान हातात धरलं. "हे पान म्या कुठीतरी पायलं हाय."

"माय, हे इथलं झाड नाई. परदेशातलं हाय."

"मंग म्या कुठी पायलं अशीन?"

"टीव्हीवर."

याच सुमारास कूलर उतरवायला हमीदभाई आले. हमीदभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचे कूलर बनवतात. गल्लीतला प्रत्येक कूलर त्यांच्या हातचा आणि प्रत्येकाबद्दल त्यांना लेकीसारखी माया. त्यांनी स्टँडवरून कूलर ओढला, तर खिडकीतून वेल ताणली गेली. पुन्हा ओढला, पुन्हा ताणली. त्यांनी बाजूची ताटी उघडून आत पाहिलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, जरा इधर आव."

वेलीची सुतळीसारखी लांब मुळं वाळ्याच्या ताटीतून आरपार जाऊन कूलरच्या टाकीत उतरली होती! मी हरखून गेलो. हमीदभाई माझ्यापेक्षा जास्त हरखले.

"असली खस लगाया था मैंने. दुसरे का कूलर रहता ना, तो बेल कब की मर जाती!"

"हमीदभाई, निगा माझी हाय."

"निगा तुमची, कूलर माझा!"

हा वाद पुढे कित्येक महिने चालला. त्याच दिवशी प्रज्ञाचा फोन आला. आवाज रडवेला होता. कॉलेजातल्या सगळ्या होया पावसाळ्याच्या ओलीनं सडल्या होत्या. बाकीच्या मुलांनी नेलेल्याही गेल्या होत्या.

"बाबा, आता तुमच्याकडली एकच राह्यली. आपली तरी जिवंत हाय ना?"

"जिवंत? अवं, घरात मावत नाई!"

"खरंच? फोटो पाठवा ना!"

"फोटोत काय पायतेस? तू इथी येऊन पाय. बसल्या जागी चक्कर नाई आली तर बापाचं नाव बदलजो."

(इथं मी फोटो पाठवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण काही गोष्टी प्रत्यक्षच दाखवायच्या असतात, आणि मला तिचा चेहरा बघायचा होता.)

फोन ठेवून मी निर्णय जाहीर केला. कूलर उतरणार नाही. ताट्या वाळल्या तर मुळं वाळणार, म्हणून कूलर बंदही होणार नाही. सगळ्या विद्यापीठात शिल्लक राहिलेली एकमेव होया माझ्या खिडकीत होती!

बाहेर धो धो पाऊस, आत कूलर. कपडे वाळेनात, पापड वातड झाले, काडेपेटीतली काडी पेटेना. आईचे गुडघे बोलू लागले. वेलीनं पडद्याचा दांडा व्यापला, तिथून ती कपाटावर गेली, कपाटावरून भिंतीवरच्या घड्याळावर. घड्याळ दिसेना, पण मी घड्याळ हलवू दिलं नाही. वेळ मला पाठ असते. दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवर नागपूरला गेलो, प्रज्ञाला तिथंच भेटलो आणि घराची किल्ली हमीदभाईंकडे ठेवली. परत आलो तर ते कूलरपुढे घोंगडी पांघरून खुर्चीत बसले होते. "मोटर की आवाज बदल रही थी," म्हणाले, "अकेला कैसे छोडता?"

कौतुक एकट्यानं पचत नाही. मी डेपोतल्या मंडळींना घरी बोलावून वेल दाखवू लागलो. हमीदभाई त्यांची गिऱ्हाइकं आणू लागले. ज्याला आवडेल त्याला मी एक फांदी कापून, नारळाच्या करवंटीत लावून द्यायचो. शेजाऱ्यांनी नेली. समोरच्या शिक्षक जोडप्यानं नेली. आमच्या साहेबांना मी स्वतः त्यांच्या केबिनमध्ये जाऊन दिली. (समज देणारे तेच साहेब. त्यांनी उठून हात मिळवला.) आणि प्रत्येकाला बजावून सांगितलं, "हे नाजूक, परदेशी झाड हाय. कूलरच्या हवेशिवाय जगत नाई."

दिवाळी संपली. परीक्षा असल्यानं प्रज्ञा घरी आली नाही. थंडी पडली. आणि आमच्या गल्लीत घरोघरी कूलर घरघरत होते. माणसं कानटोपी घालून हॉलमध्ये बसायची, वेलीकडे बघायची आणि नाक पुसायची. मला गल्लीत इतका मान कधी मिळाला नव्हता!

डिसेंबरात प्रज्ञाचा फोन आला. भामरागडकडच्या जंगलात झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती पाहायला तिची मॅडम आणि वर्ग निघाला होता. परतताना मॅडम आणि ती आमच्या घरी थांबणार होत्या. होयाच्या फांद्या घेऊन जायच्या होत्या, त्यावर प्रोजेक्ट सुरू होणार होता.

"बाबा, नक्की चांगली हाय ना? मॅडमले म्या सांगतलं हाय. ह्या फांद्या नाई भेटल्या तर विषय बदला लागन, वर्ष वाया जाईन."

"तू फक्त मॅडमले सांग, स्वेटर घालून या."

त्या दिवशी मी पाहुण्यांसाठी जय्यत तयारी केली. वेलीवर मंदाची पैठणी झाकली, म्हणजे उद्‌घाटनासारखी ओढता येईल. हमीदभाई ईदचा कुर्ता घालून, अत्तर लावून कूलरशेजारी उभे राहिले. आई दोन शाली आणि मफलर घेऊन पलंगावर. मंदा चहाचा ट्रे धरून कुडकुडत होती. ट्रेमधले कप वाजत होते.

मॅडम आल्या. शांत, बारीक चणीच्या, पांढरे केस. दारातच थबकल्या.

"तुमच्याकडे कूलर...?"

"समजेल मॅडम, समजेल!" मी म्हणालो. घसा साफ केला. सवयीनं आवाज माइकवरचा लागला. "प्रवाशांनी... आपलं, पाहुण्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावे!"

आणि मी पैठणी ओढली.

कपाट, पडदा, घड्याळ, सगळीकडून हिरवीगार वेल झुलत होती. कूलरच्या वाऱ्यानं तिची शेकडो पानं एकदम हलली. हमीदभाईंनी टाळी वाजवली. मी प्रज्ञाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गेले कित्येक महिने मी याच क्षणासाठी गारठत होतो.

तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडम पुढं झाल्या. एक पान हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. "ही गुळवेल आहे ना?"

"नाही मॅडम," मी समजुतीनं म्हणालो. (वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला!) "ही होया आहे. परदेशी असते. सगळ्यांना पटकन ओळखू येत नाही."

"बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली, "ही गुळवेल हाय."

मॅडमनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. कडुनिंबाच्या बुंध्यावरून गुळवेल चढली होती, फांदीवरून कूलरवर उतरली होती आणि कूलर व खिडकी यांच्यातल्या फटीतून सरळ आमच्या घरात आली होती. हमीदभाईंच्या खसच्या ताट्यांत घुसलेली मुळं तिची. कपाट तिचं. घड्याळही तिचंच!

आई ताडकन उठून बसली. "म्या म्हनलं नव्हतं, हे पान पायलं हाय! अरे सुभाष, कोरोनात तूच तर मले दोन टाइम याचा काढा पाजत होता!"

गुळवेल म्हणजे आमच्या भागात कुंपणाकुंपणावर सापडणारी वेल. कोरोनाच्या काळात मी गल्लीभर तिच्या कांड्या वाटल्या होत्या. पण तेव्हा ती झाडावर होती. तीच हॉलमध्ये आल्यावर मी तिला ओळखलं नाही, आणि गल्लीतल्या एकाही माणसानं ओळखलं नाही.

"भाऊ," हमीदभाई दबक्या आवाजात म्हणाले, "मतलब सबके घर में काढा टांगा है?"

"बाहेर सगळ्याच घरांत कूलर चालू आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी मघाशीच विचारणार होते, ते का?"

मंदाच्या ट्रेमधले कप आणखीच वाजू लागले.

पण मला त्या क्षणी गल्लीची लाज वाटत नव्हती. मला प्रज्ञा दिसत होती. तिनं चपला काढल्या, स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी त्या हिरव्या जंजाळात घुसली. पानं खाली पडू लागली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एवढ्या कष्टानं शिकणाऱ्या पोरीचं वर्ष मी तांदळाच्या धुवणात बुडवलं होतं! मी कूलर बंद केला. एकदम शांत झालं.

"मॅडम!" आतून आवाज आला. "टोपली हाय!"

मॅडमनी पिशवीतून छोटी कात्री काढून दिली. प्रज्ञानं गुळवेलीचे वेढे कापत कापत टोपली मोकळी केली आणि छातीशी धरून खाली उतरली. टोपलीत होया होती. तीच जाड, गुळगुळीत पानांची होया. आणि तिच्या लांबलेल्या फांद्यांच्या टोकांना नवी, पिटुकली पानं फुटली होती.

प्रज्ञा खाली फरशीवरच बसली. आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम. मी सरळ रडलो. हमीदभाईंनी अत्तराचा रुमाल मला दिला.

"कॉलेजातल्या सगळ्या सडल्या," मॅडम पानं तपासत म्हणाल्या. "ही कशी वाचली?"

मी पुन्हा ताठ झालो. रुमाल खिशात घातला. "मॅडम, निगा म्हणजे... रोज पाणी, वर तांदळाचं धुवण..."

"बरोबर," त्या म्हणाल्या. "होयाला मुळांत सारखं पाणी चालत नाही. तुम्ही घातलेलं पाणी आणि ते धुवण सगळं गुळवेलीनं ओढून घेतलं. कूलरची गार हवाही तिच्या पानांनी अडवली. तुमचं सगळं लक्ष गुळवेलीकडे होतं, म्हणून ही वाचली."

मंदानं ट्रे खाली ठेवला. ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आईनं त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मफलर काढला आणि विचारलं, "मंग आज पोळ्या करता काय?"

त्या दिवशी मी घरोघर जाऊन कूलर बंद करवले. लोकांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी केबिनमधली करवंटी परत केली नाही, आता ते रोज त्यातलं एक पान चावतात. हमीदभाईंनी तर दुकानावर पाटीच लावली आहे: "आमच्या कूलरमध्ये गुळवेल उगवते."

मॅडम आणि प्रज्ञा नागपूरला निघाल्या, तेव्हा माइकवर मीच होतो. "नागपूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागत आहे. चालकांनी खड्डे बघून गाडी चालवावी. गाडीत होया आहे, आणि होयाबरोबर आमची प्रज्ञा आहे." गाडी सुटेपर्यंत ती खिडकीतून हात हलवत होती. मांडीवर टोपली होती. साहेब केबिनच्या दारात उभे होते, पण यावेळी त्यांनी समज दिली नाही. खरं सांगतो, त्या गाडीत बसलेल्या माणसांपैकी कुणाच्याही बापाला माझ्याएवढा अभिमान वाटत नसेल.

फांद्यांना मुळं फुटली. प्रोजेक्ट मार्गी लागला. मागच्या महिन्यात प्रज्ञानं त्यातली एक लहानशी होया आणून आमच्या खिडकीत टांगली. अट एकच घातली.

"बाबा, हिच्याकडे बिलकुल लक्ष द्यायचं नाई."

ही अट मी जिवापाड पाळतो. सकाळी उठल्याबरोबर, ड्यूटीवर निघताना, जेवायला आलो की, आणि अंथरुणाला पाठ टेकण्याआधी मी न चुकता त्या खिडकीपाशी जातो, होयासमोर ताठ उभा राहतो, आणि तिच्याकडे बिलकुल लक्ष देत नाही!